टिकलेला माणूस आणि रमलेला माणूस

दिवाळीत वहीपूजन आटोपले, मिठाई वाटून झाली, की पेढीवर जमलेल्या व्यापारीबंधूंच्या गप्पांत एक विषय हमखास निघतो. माणसे टिकत नाहीत. वडिलांच्या काळी मुनीमजी ऐन तारुण्यात गादीवर बसत आणि नातवंडे खेळवण्याच्या वयात उठत. आज पोऱ्याला हाताशी धरून तराजू, दर, गिऱ्हाईक, उधारी सगळे शिकवावे, आणि महिन्याला दोन हजार रुपये जास्त मिळतात म्हणून तो एक दिवस समोरच्याच दुकानात उभा दिसावा! ऐकणारे सारेच मान डोलावतात, कारण प्रत्येकाच्या पदरी असा एक तरी अनुभव असतो.

ही तक्रार खोटी नाही, पण अपुरी आहे. तीत निष्ठा हा केवळ नोकराचा गुण मानला जातो. तो असला तर माणूस राहतो, नसला तर जातो. राहिलेला माणूस कोणत्या मनाने राहिला, हा प्रश्न आपण सहसा विचारीत नाही. चाळीस वर्षे गादीवर बसलेले मुनीमजी कामात रमले होते म्हणून बसले, की घरी मुलींची लग्ने होती आणि शेठजींकडून घेतलेली रक्कम फिटत नव्हती म्हणून बसले? दोन्ही माणसे वहीत सारखीच दिसतात. पेढीच्या भवितव्याच्या दृष्टीने मात्र त्यांच्यात मोठे अंतर आहे.

हे अंतर समजून घेण्यासाठी आपल्याच भागातील एका उद्योगाकडे पाहू.

दरवर्षी परत येणारा कामगार

जालना जिल्ह्याच्या अंबड तालुक्यात, महाकाळ्याच्या शिवारात अंकुशनगर वसले आहे. समर्थ सहकारी साखर कारखाना हे या वस्तीचे कारण, आणि १९९१ साली जालन्यातून लोकसभेवर निवडून गेलेले अंकुशराव टोपे यांच्या नावावरून तिला हे नाव मिळाले. जायकवाडीच्या डाव्या कालव्याचे पाणी आणि गोदावरीचा काठ यांमुळे या पट्ट्यात ऊस उभा राहिला. उसामागून कारखाना आला, आणि कारखान्यामागून पगाराच्या तारखेवर चालणारी बाजारपेठ आली. वडीगोद्री, शहागड, अंबड, तीर्थपुरी या गावांतील किराणा, कापड आणि कृषिसाहित्याच्या दुकानदारांना हंगाम चांगला गेला की मंदावला, हे उधारीच्या वहीवरूनच कळते.

साखर कारखान्याचे काम हंगामी असते. साधारण दिवाळीच्या सुमारास बॉयलर पेटतो, गव्हाणीत मोळी पडते, आणि पुढे उन्हाळ्याच्या तोंडापर्यंत गाळप रात्रंदिवस तीन पाळ्यांत चालते. मग यंत्रे थांबतात, दुरुस्तीची कामे निघतात आणि कामगारांपैकी मोठा वर्ग घरी जातो. हा हंगामी कामगार पुढच्या गाळपाला परत येईलच, याची खात्री काय?

कारखान्यात असे काही हात असतात, की ज्यांची जागा ऐनवेळी भरून काढता येत नाही. उदाहरणार्थ, पॅनमन. उसाच्या रसाचा पाक पॅनमध्ये आटत असताना साखरेचा दाणा धरला की नाही, तो किती वाढला, पाक कधी सोडायचा, हे तो उपकरणावर पाहतोच. पण त्याचबरोबर पाकाचा थेंब दोन बोटांत धरून त्याची तार पाहतो, काचेवर नमुना घेऊन उजेडासमोर धरतो. हे ज्ञान पुस्तकात अर्धेच सापडते, उरलेले अनेक हंगामांच्या सवयीने हातात उतरते. असा माणूस दुसऱ्या कारखान्यात गेला, तर त्याच्याबरोबर दाण्याची प्रतही जाते.

म्हणून साखर उद्योगात फार पूर्वीपासून एक व्यवस्था रूढ झाली. या उद्योगासाठी १९५७ साली केंद्रीय वेतन मंडळ नेमले गेले आणि पुढे राज्यात कामगार, कारखानदार व शासन यांच्या त्रिपक्षीय समितीत वेतनाचे करार होऊ लागले. या साऱ्या वाटाघाटींत एक बाब कायम राहिली. गाळप बंद असतानाच्या महिन्यांत पात्र हंगामी कामगाराला वेतनाचा ठरावीक हिस्सा द्यावयाचा. कामगारांच्या बोलीत त्याला सरळ ‘रिटेन्शन’ म्हणतात. पुढच्या हंगामाला तो हजर व्हावा, आपला हात दुसरीकडे देऊन बसू नये, यासाठी हा पैसा असतो.

व्यापाऱ्याच्या दृष्टीने ही फार अर्थपूर्ण गोष्ट आहे. माणूस टिकवायला खर्च येतो आणि तो खर्च हिशेबात उघडपणे मांडावा लागतो, हे या उद्योगाने मान्य केले. निष्ठा फुकट मिळावी, अशी अपेक्षा त्याने ठेवली नाही. परंतु रिटेन्शनने फक्त हजेरी साधते. पॅनमन नोव्हेंबरात परत येतो. तो मन लावून तार पाहील की पाळी संपण्याची वाट पाहील, हे त्या पैशाने ठरत नाही. ज्या कारखान्यात त्याच्या शब्दाला मान असतो, दाणा बिघडला तर आधी त्याला विचारले जाते आणि पगार महिनोन्महिने थकत नाही, तेथे त्याचे मन लागते. राज्यातील अनेक कारखान्यांत वेतन थकल्याच्या बातम्या आपण वाचतो. तेथे रिटेन्शनचा करार कागदावर असूनही जाणते कामगार पांगतात.

राहण्याची तीन कारणे

कॅनडातील जॉन मेयर आणि नताली ॲलन या अभ्यासकांनी १९९१ साली माणूस नोकरीत का राहतो याची तीन कारणे वेगळी करून मांडली. काही जण राहतात, कारण त्यांना तेथे राहावेसे वाटते. काम आवडते, माणसे आपली वाटतात. काही जण राहतात, कारण सोडणे परवडत नाही. आणि काही जण राहतात, कारण सोडून जाणे बरे दिसणार नाही, उपकाराची जाणीव आड येते. आपल्या भाषेत सांगायचे तर एक मनाने राहतो, दुसरा नाइलाजाने आणि तिसरा ऋणाने.

कामातील समाधानाचा घट्ट संबंध आढळतो तो पहिल्या प्रकाराशी. मनाने राहणारा माणूस गिऱ्हाईक परत गेले तर हळहळतो, मालाला कीड लागण्याआधी सांगतो, शेठजींचा निर्णय चुकतो आहे असे वाटले तर भीडभाड न ठेवता बोलतो. नाइलाजाने राहणाऱ्याकडून एवढी अपेक्षा करता येत नाही. तो सांगितले तेवढे करतो, आणि दुसरा मार्ग दिसताच जातो.

अर्थशास्त्रज्ञ आल्बर्ट हिर्शमन यांनी १९७० च्या आपल्या प्रसिद्ध ग्रंथात याची दुसरी बाजू दाखविली. असमाधानी माणसासमोर दोन वाटा असतात : निघून जाणे किंवा तोंड उघडणे. निष्ठा असेल तर तो आधी तोंड उघडतो, जाण्याचे लांबणीवर टाकतो. तेव्हा हुज्जत घालणारा मुनीम हा पुष्कळदा पेढीतील सर्वांत निष्ठावान माणूस असतो. जो कधीच काही बोलत नाही, त्याने मनातल्या मनात राजीनामा दिलेला असण्याची शक्यता अधिक. आपण मात्र गप्प बसणाऱ्याला ‘गुणी’ आणि बोलणाऱ्याला ‘तोंडाळ’ म्हणून मोकळे होतो.

समाधान कशाने येते, याविषयी अमेरिकी मानसशास्त्रज्ञ फ्रेडरिक हर्झबर्ग यांनी १९५९ साली मांडलेला विचार अजून उपयोगी पडतो. पिट्सबर्ग परिसरातील सुमारे दोनशे अभियंते आणि हिशेबनीस यांच्याशी बोलून त्यांनी निष्कर्ष काढला, की असमाधानाची कारणे आणि समाधानाची कारणे वेगळी असतात. पगार, कामाची जागा, वरिष्ठांची वागणूक यांत खोट असेल तर माणूस कष्टी होतो. पण या गोष्टी नीट केल्या म्हणजे तो आपोआप आनंदी होतो, असे नाही. आनंद येतो तो काम तडीस नेल्याचा, त्याची कोणी दखल घेतल्याचा, जबाबदारी मिळाल्याचा. या सिद्धान्तावर पुढे आक्षेपही घेतले गेले. तरीही दुकानदाराला त्यातून एक गोष्ट पटण्यासारखी आहे. पगार वेळेवर देणे हा पाया आहे. त्यावर भिंती उभारायचे काम वेगळे करावे लागते.

पाया मात्र टाळता येत नाही. १९१३ साली अमेरिकेत हेन्री फोर्ड यांच्या मोटारींच्या कारखान्यात कामगार इतक्या वेगाने सोडून जात, की एका जागेसाठी वर्षात तीन-चार वेळा नवा माणूस घ्यावा लागे. १९१४ च्या जानेवारीत फोर्ड यांनी कामाचे तास आठ केले आणि दिवसाची मजुरी पाच डॉलरपर्यंत, म्हणजे जवळजवळ दुप्पट नेली. गळती झपाट्याने ओसरली. दररोज नवा माणूस शिकविण्यात जाणारा पैसा त्यांनी जुन्या माणसाच्या हातात ठेवला.

बांधलेली निष्ठा

अंकुशनगरच्या फाटकाबाहेर, फडात, दुसरेच चित्र दिसते. ऊसतोड कामगार कारखान्याच्या हजेरीपटावर नसतो. हंगामापूर्वी मुकादम त्याला उचल देतो, म्हणजे आगाऊ रक्कम. नवरा-बायको मिळून एक कोयता मानला जातो आणि त्या कोयत्याच्या नावावर उचल चढते. बीड आणि शेजारच्या जालना जिल्ह्यांतील हजारो कुटुंबे अशी दरवर्षी घर सोडून पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात, कधी जवळच्या कारखान्याला जातात. तोडणीच्या दरातून उचल फिटली तर ठीक. न फिटली तर बाकी पुढच्या हंगामावर जाते, आणि तोच मुकादम, तीच टोळी पुन्हा ठरते.

कागदावर पाहिले तर याहून ‘टिकलेला’ कामगार कोठे सापडणार? वर्षानुवर्षे एकाच मुकादमाकडे काम! पण याला निष्ठा म्हणवत नाही. येथे राहण्याचे कारण दुसऱ्या प्रकारचे आहे, आणि तेही कर्जाच्या दोरीने आवळलेले. गोणीत भरलेले धान्य जागेवर राहते, तसे हे राहणे आहे.

आपल्या पेढ्यांवरही या दोरीचा एखादा धागा असतो काय, हे प्रत्येकाने पाहावे. अडीअडचणीला नोकराला उचल देणे ही माणुसकी आहे, आणि आपल्या समाजाने ती पिढ्यान्‌पिढ्या जपली आहे. मात्र ती उचल कधीच फिटू नये अशा बेताने वाढू दिली, किंवा ‘आधी हिशेब चुकता कर, मग जा’ असा तिचा उपयोग केला, तर उपकाराचे रूपांतर बंधनात होते.

येथे आपल्या धर्मग्रंथांची आठवण होणे स्वाभाविक आहे. तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात श्रावकाच्या अहिंसा-अणुव्रताचे अतिचार सांगितले आहेत. त्यांत वधासारख्या उघड दोषाबरोबर बंध, अतिभारारोपण आणि अन्नपाननिरोध यांचीही गणना आहे. आचार्य पूज्यपादांच्या सर्वार्थसिद्धी टीकेत बंध याचा अर्थ इच्छित स्थळी जाण्यास अडथळा करणे असा दिला आहे. अतिभारारोपण म्हणजे न्याय्य मर्यादेपलीकडे ओझे वाहवणे. प्रवचनांत हे अतिचार बहुधा बैल आणि घोड्याच्या उदाहरणाने समजावले जातात. पण मोंढ्यातील हमालाने पूर्वी शंभर किलोचे पोते पाठीवर घेतले, त्याला कोणते नाव द्यावे? आज पन्नास किलोचे पोते रूढ झाले ते हमालांच्या चळवळींमुळे. राज्यात १९६९ साली माथाडी कायदाही झाला. आपण व्रतधारी असूनही ती सुधारणा आपल्या गोदामांतून सुरू झाली नाही, याची नोंद प्रामाणिकपणे घ्यावयास हवी. आणि सणासुदीच्या गर्दीत जेवणाची वेळ टळून गेली तरी काउंटरवर उभा असलेला मुलगा, हा अन्नपाननिरोधाचा विषय होतो की नाही?

त्याच अध्यायातील परिग्रहपरिमाण व्रतात श्रावकाने ज्या वस्तूंची मर्यादा घालावयाची, त्यांत शेत, घर, सोने, धान्य यांच्या जोडीला दासी-दासही आहेत. त्या काळी मनुष्यही मालमत्तेत गणला जाई. आज ती गणना कायद्याने आणि विवेकाने संपली. मनातून संपली का? ‘माझा माणूस पळवला’ असे आपण म्हणतो, तेव्हा त्या ‘माझा’ शब्दात परिग्रहाचा किती अंश असतो, हे ज्याचे त्याने तपासावे.

आपल्यातीलच उदाहरणे

साखर आणि कामगार या विषयात जैन समाजाने एक मोठे उदाहरण घालून दिले आहे. सोलापूरच्या दिगंबर जैन कुटुंबात १८८२ साली जन्मलेल्या वालचंद हिराचंद यांनी नाशिक जिल्ह्यातील रावळगावला १९२३ च्या सुमारास खडकाळ माळरान घेऊन तेथे ऊसशेती उभी केली, आणि पुढे इंदापूर तालुक्यात कळंबजवळ कारखान्याभोवती वालचंदनगर वसविले. आडरानात कामगार आणायचा तर त्याला घर हवे, मुलांना शाळा हवी, आजारपणात दवाखाना हवा. या सोयी उभ्या राहिल्या आणि माळावर गाव नांदू लागले. तेथे कामगारांचे प्रश्न आणि संघर्षही झाले. कोणतीही वसाहत स्वर्ग नसते. परंतु नोकराच्या घराचा विचार केल्याखेरीज त्याच्या निष्ठेचा विचार करता येत नाही, हे वालचंद शेठांनी कृतीने दाखविले.

दुसरे नाव जळगावचे भवरलालजी जैन यांचे. वाकोदसारख्या खेड्यातून येऊन १९६३ साली सात हजार रुपयांच्या भांडवलावर रॉकेलच्या व्यापारापासून आरंभ करणाऱ्या भवरलालजींनी आपल्या उद्योगात काम करणाऱ्यांसाठी ‘सहकारी’ हा शब्द रुजविला. शब्द बदलल्याने पगार वाढत नाही, हे खरे. तरी मालकाने रोज उच्चारलेला शब्द मालकालाच हळूहळू बदलतो.

आणखी एक उदाहरण आपल्या प्रत्येकाच्या घरात आहे. मारवाडातून लोटा-डोरी घेऊन मराठवाड्यात आलेले आपले पणजोबा आल्याबरोबर पेढीचे मालक झाले नव्हते. बहुतेकांनी आधी कोणा नातलगाच्या किंवा शेठजींच्या गादीवर गुमास्तेगिरी केली, रोकड-खतावणी शिकली, बाजारात विश्वास मिळविला, आणि मग त्याच शेठजींच्या उधारीवर शेजारच्या गावी स्वतःचे दुकान थाटले. त्या शेठजींनी त्यांना बेइमान म्हटले असते, तर आज आपल्या पेढ्या उभ्या नसत्या. समाधानी माणूसही कधीतरी जातो. मुलांच्या शिक्षणासाठी शहरात जातो, घरची शेती पाहायला जातो, स्वतःचा धंदा काढतो. त्याची निष्ठा तो कसा जातो यावरून ओळखावी. दोन महिने आधी सांगून, नवा माणूस शिकवून, हिशेब समजावून जो निघतो, तो पुढे आपला गिऱ्हाईक होतो आणि चार जागी आपले नाव चांगले घेतो.

पेढीवर काय करता येईल

मोठ्या कारखान्याची साधने दहा-पाच माणसांच्या दुकानाकडे नसतात. पण दुकानाजवळ एक गोष्ट अशी आहे, जी कारखान्याकडे नाही : मालक आणि नोकर दिवसभर एकमेकांसमोर असतात. कामाची दखल घ्यायला तेथे वेगळी सभा भरवावी लागत नाही. गिऱ्हाइकासमोर नोकराला रागावू नये, चूक एकांतात सांगावी. जुन्या माणसाला एखाद्या मालाची खरेदी, निदान त्याचा दर ठरविण्याचा अधिकार द्यावा. घरातील शिकून आलेल्या मुलाने पहिल्याच दिवशी पंचवीस वर्षांच्या माणसाला हुकूम सोडू नयेत. काही महिने त्याच्या हाताखाली काढावेत. सालगड्याचे साल गुढीपाडव्याला ठरते, त्या वेळी दोन्ही बाजू मोकळेपणाने बोलतात. तशी एक बैठक दुकानातील प्रत्येकाशी वर्षातून एकदा व्हावी, आणि तीत त्याने बोलावे, शेठजींनी ऐकावे.

राहिला पैशाचा भाग. १९७२ च्या उपदान कायद्याने, म्हणजे ग्रॅच्युइटीच्या कायद्याने, दहा किंवा अधिक माणसे असलेल्या आस्थापनांना एक हिशेब घालून दिला. प्रत्येक पूर्ण वर्षामागे पंधरा दिवसांचे वेतन, महिना सव्वीस दिवसांचा धरून. हंगामी आस्थापनेतील हंगामी कामगाराला प्रत्येक हंगामामागे सात दिवसांचे. शेवटचे वेतन १५,६०० रुपये असलेल्या माणसाचे दिवसाचे ६०० रुपये होतात, पंधरा दिवसांचे ९,०००, आणि वीस वर्षांच्या सेवेचे १,८०,०००. ज्यांच्या दुकानात पाच-सहाच माणसे आहेत त्यांच्यावर हे बंधन नाही. पण ज्याने वीस वर्षे सकाळी आपल्याआधी येऊन शटर उघडले, त्याच्या हाती निरोपाच्या दिवशी शाल-श्रीफळाबरोबर काय ठेवायचे, हा प्रश्न त्यांनाही सुटत नाही. एकदम एवढी रक्कम काढणे जड जाते. दरवर्षी बाजूला टाकली तर जाणवतही नाही.

यंदाच्या वहीपूजनाला नव्या खतावणीत प्रत्येक नोकराच्या नावे एक पान उघडावे. उचलीचे पान प्रत्येक पेढीत असते. हे दुसरे पान असेल, पेढीने त्याला द्यावयाच्या रकमेचे. दरवर्षी त्यात पंधरा दिवसांचे वेतन जमा करावे, तेवढी रक्कम बँकेत वेगळी ठेवावी, आणि ते पान त्या माणसाला बोलावून दाखवावे. एवढे केल्यावर तो आपल्याकडे मनाने राहिला आहे की नाइलाजाने, हे त्यालाच विचारण्याचा अधिकार आपल्याला मिळेल.